धम्मयात्री भिक्खू ह्युएन त्संग



पाठीवर पोथ्यांचं ओझं घेतलेल्या एका चिनी प्रवाशाचं चित्र आपण पाहिलेलं असेल. शाळेत हर्षवर्धनाच्या धड्यात त्याच्याविषयी दोन ओळी असत, परीक्षेत एखादा मार्क मिळे आणि विषय संपे. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांचीच ओळख थोडी नीट करून देत आहोत. कारण या भिक्खूंनी आपला देश आणि परका देश एकाच तराजूत तोलला, आणि काटा मुद्दाम कुणाकडे झुकवला नाही.

इ.स. ६०२ च्या सुमारास लोयांग शहराजवळ चेन नावाच्या विद्वान घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरात कन्फ्यूशियसची शिकवण होती. मातापित्यांविषयीचा आदर हा तिचा पाया. आठ वर्षांचा असताना वडील त्याला याच विषयावरचा ग्रंथ शिकवीत होते. गुरू बोलू लागताच शिष्य आसनावरून उठला, असा प्रसंग त्यात आला. तो ऐकताच हा पोरगा कपडे सावरून उभा राहिला. शिष्य गुरूपुढे उभा राहतो, मग आपण वडिलांपुढे बसून कसं ऐकायचं, असं त्याचं म्हणणं.

पुढे वडील वारले. थोरला भाऊ भिक्खू होता, त्याच्या पाठोपाठ हाही विहारात गेला. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे श्रमणांची परंपरा जुनी. घर सोडणाऱ्याला लोक हात जोडतात. चीनमध्ये मात्र देह ही आईवडिलांची देणगी. मुंडण करणं, वंश न चालवणं हा त्यांचा अपमान मानला जाई. बौद्ध भिक्खूंवर हा आरोप तिथे शेकडो वर्षे होत आला होता. ह्युएन त्संग यांनी ही दोन्ही मूल्यं जन्मभर सोबत बाळगली.

चिनी भाषांतरांत एकाच वचनाचे निरनिराळे अर्थ सापडत, म्हणून मूळ ग्रंथ पाहण्यासाठी ते इ.स. ६२९ मध्ये निघाले. देशाबाहेर जाण्यास बादशहाची बंदी होती, तरी लपतछपत सरहद्द ओलांडली. वाळवंटात पाण्याची पखाल सांडली. चार रात्री आणि पाच दिवस घशाला थेंब नाही. तुर्फानच्या राजाने तर प्रेमापोटी त्यांना अडवूनच ठेवलं. तेव्हा त्यांनी अन्न सोडलं आणि राजाला माघार घ्यावी लागली.

भारतात त्यांनी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं. लोक जेवणाआधी हातपाय धुतात, हाताने जेवतात, काड्या वापरत नाहीत, हेसुद्धा टिपून ठेवलं. आपल्या प्रवासग्रंथाच्या आरंभी त्यांनी जगाचे चार भाग सांगितले आहेत. दक्षिणेला हत्तींचा देश म्हणजे भारत, पश्चिमेला रत्नांचा, उत्तरेला घोड्यांचा आणि पूर्वेला माणसांचा देश, म्हणजे चीन. बाकी तिघे पूर्व दिशा श्रेष्ठ मानतात, घराचं दारही पूर्वेला ठेवतात. चीनमध्ये मान दक्षिणेकडे तोंड करून बसण्याला. मग ते निवाडा देतात. राजा-प्रजा, लहान-थोर यांची शिस्त आणि कायदे यांत चीन वरचढ. मन शुद्ध करून जन्ममरणाच्या बंधनातून सुटण्याच्या शिकवणीत मात्र भारत श्रेष्ठ.

पण याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे आणि मैला साफ करणारे यांच्या घरांवर खूण केलेली असे. त्यांना वस्तीबाहेर राहावं लागे आणि रस्त्याने जाताना डाव्या कडेला सरकावं लागे. ही ओळ वाचताना आमचा हात पानावर थांबतो. बाबासाहेबांनीही अस्पृश्यांविषयीच्या १९४८ सालच्या ग्रंथात या प्रवाशाची साक्ष काढली आहे. मुक्तीच्या शिकवणीत श्रेष्ठ ठरलेल्या देशाचं हे दुसरं अंग. पाहुण्याने तेही लपवलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ते येऊन गेले. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असं त्यांना दिसलं. पुलकेशी राजा हर्षापुढे नमला नाही, हेही त्यांनी लिहिलं. पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या, दाराशी दगडी हत्ती असलेल्या विहाराचं त्यांनी वर्णन केलं आहे. तो अजिंठाच, असं अभ्यासक मानतात.

नालंदात ते वृद्ध आचार्य शीलभद्रांकडे शिकले. परत निघायची वेळ आली तेव्हा तिथल्या भिक्खूंनी त्यांना अडवलं. चीन हा म्लेंच्छांचा मुलूख, तिथे बुद्ध जन्मले नाहीत, तिथे कशाला जायचं, असा त्यांचा सूर होता. ह्युएन त्संग यांनी शांतपणे सांगितलं, की आपल्या देशातही न्याय आहे, आईवडिलांची सेवा आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. शिवाय धम्म आपल्यापुरता ठेवायचा नसतो. सूर्य फिरतो तो अंधार घालवण्यासाठी. शीलभद्रांना हे पटलं. बघा, जन्मभूमीवरून माणसाची किंमत करण्याची खोड नालंदासारख्या ठिकाणीही होती, आणि तिला उत्तर एका परदेशी भिक्खूने दिलं.

इ.स. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन परतले. ज्या दरबाराची बंदी मोडली त्यानेच थाटात स्वागत केलं. चीवर सोडून मंत्री व्हा, अशी बादशहाची इच्छा होती. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. पुढे १९ वर्षांत त्यांनी ७५ ग्रंथांचं भाषांतर केलं. बादशहाच्या सांगण्यावरून लाओत्सेचा चिनी ग्रंथ संस्कृतात आणताना ‘ताओ’साठी ‘बोधी’ शब्द घ्यावा, असं काहीजण म्हणत होते. त्यांनी ‘मार्ग’ हाच शब्द धरला. दोन विचार जवळ आणावेत, पण एकमेकांत कालवू नयेत, ही त्यांची दृष्टी आम्हाला त्यात दिसते.

म्हातारपणी बादशहाबरोबर ते लोयांगला गेले. घरच्यांपैकी एक लग्न झालेली बहीण तेवढी उरली होती. तिला विचारून त्यांनी आईवडिलांची पडझड झालेली कबर शोधली आणि परवानगी काढून त्यांचे अवशेष चांगल्या जागी नव्याने पुरले. आठव्या वर्षी वडिलांपुढे उभं राहिलेलं ते मूल भिक्खूच्या चीवरात तसंच होतं. इ.स. ६६४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी ग्रंथ ठेवण्यासाठी उभारलेला मनोरा शीआन शहरात आजही आहे.

उपासक-उपासिकांनो, ही गोष्ट घरी मुलांना सांगा. दुसऱ्यांचं चांगलं घ्यायला स्वतःचं टाकावं लागत नाही, आणि स्वतःचं जपायला दुसऱ्यांना खाली बसवावं लागत नाही. या भिक्खूंनी ते चालून दाखवलं आहे.