मायकेलअँजेलोची रेखाटने
मायकेलअँजेलो बुओनारोती (६ मार्च १४७५, काप्रेझे – १८ फेब्रुवारी १५६४, रोम) हा इटालियन शिल्पकार, चित्रकार, वास्तुरचनाकार व कवी होता. तरुणपणी फ्लॉरेन्समधील सांतो स्पिरितो मठात त्याला मृतदेहांचे विच्छेदन करण्याची परवानगी मिळाली. कातडीखाली स्नायू कसा ताणला जातो, हे त्याने तेथे पाहिले. या कामामुळे पुढे त्याचे पोट कायमचे बिघडले, असे त्याचा समकालीन चरित्रकार कोंदिव्ही नमूद करतो.

सत्तावन्नाव्या वर्षी, १५३२ मध्ये, रोममधील तोम्माझो दे काव्हालिएरी या तरुण सरदाराशी त्याचा स्नेह जुळला. त्याला भेट म्हणून मायकेलअँजेलोने प्राचीन पुराणकथांवरील रेखाटने पाठवली. तांबड्या खडूतील ‘बालकांचा मद्योत्सव’ हे त्यांतील सर्वांत खट्याळ म्हणावे लागेल. उघडी मुले मेलेले जनावर वाहून नेत आहेत, कढईत डुक्कर शिजवत आहेत, मद्याच्या पिंपाभोवती झोंबत आहेत. पण प्रत्येक पाठीचा बाक शरीररचनेला धरून आहे.

काळ्या खडूतील ‘तित्युस’मध्ये खडकाला जखडलेला राक्षस पक्ष्याच्या तावडीत सापडलेला दिसतो. मायकेलअँजेलोने हाच कागद उलटून उभा धरला, पलीकडून दिसणारी बाह्यरेषा गिरवली आणि त्या देहाचा थडग्यातून उठणारा ख्रिस्त केला. ही दोन्ही रेखाटने आज इंग्लंडमधील विंडसर येथे आहेत.

अखेरच्या काळात त्याने आपली कितीतरी रेखाटने स्वतः जाळली. काव्हालिएरीला दिलेली मात्र तोपर्यंत त्याच्या घराबाहेर गेली होती.