काटकसरी बीजाची मीमांसा

केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रनगरी आणि गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या बकासुराचा वध येथेच झाला, असे परंपरा मानते. या गावी अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ डॉ. जेम्स नील यांचे स्मरण अप्रस्तुत वाटेल. परंतु त्यांचे दोन अभ्यासविषय, सिकलसेल आणि मधुमेह, वर्धा जिल्ह्याला परके नाहीत.

१९१५ साली ओहायो राज्यात जन्मलेले नील आधी फळमाश्यांचे संशोधक होते. वैद्यकाची पदवी त्यांनी मागाहून घेतली. हिरोशिमा-नागासाकीच्या संहारातून वाचलेल्यांच्या अपत्यांची पाहणी त्यांनीच केली. सिकलसेलच्या रुग्णाला सदोष बीज आई व वडील या दोघांकडून मिळते, हे त्यांनी १९४९ साली दाखविले. १९६२ सालचे त्यांचे प्रतिपादन अधिक धाडसी होते. दुष्काळात चरबी साठवून माणसाला तगविणारी आनुवंशिक घडणच सुबत्तेत मधुमेह आणते, असे ते होते. कल्पना मोहक, पुरावा मात्र तोकडा. नील यांनी पुढे ती स्वतःच तपासून सुधारली. असे धैर्य विद्वानांत विरळाच!

आज अल्प परिणामाचे शेकडो जनुकीय भेद ज्ञात आहेत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात कमी वजनाच्या अर्भकांतही चरबी तुलनेने अधिक आढळली. म्हणजे आईच्या कुपोषणाचा विचार केल्यावाचून केवळ बीजाला दोष देता येत नाही.

नील २००० साली निवर्तले. त्यांचे दोन्ही विषय विदर्भात कधी एकाच देहात भेटतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. तेथे उपाशीपोटीची साखरच तपासावी लागते.