साथीत अडकलेला लेखक : अलेक्झांडर पुश्किन



लॉकडाऊनमध्ये वेळ खूप मिळाला, तरी लिहायला बसलं की मन काही लागत नव्हतं, असं तुमच्यापैकी अनेकांचं झालं असेल. मुलांचंही तसंच झालं. म्हणून आज रशियाच्या महाकवीची, अलेक्झांडर पुश्किनची ओळख करून घेऊया. त्यालाही साथीनेच एका खेड्यात कोंडून ठेवलं होतं.

पुश्किनचा जन्म १७९९ मध्ये मॉस्कोत झाला. घराणं सरदारी, पण घरात फ्रेंच भाषेचा थाट. रशियन लोककथा त्याला ऐकवल्या त्या आरिना रोदिओनोव्हना या दाईने. शाळेत असतानाच त्याच्या कविता गाजू लागल्या. पुढे स्वातंत्र्यावरच्या कवितांमुळे झारची नाराजी ओढवली आणि १८२० मध्ये त्याला राजधानी सोडावी लागली. १८२४ ते १८२६ ही दोन वर्षं तर त्याला गावच्या घरीच नजरकैदेत काढावी लागली. म्हणजे एकटेपणात लिहायची सवय त्याला आधीपासूनच होती, बरं का!

१८३० मध्ये नताल्या गोंचारोव्हा हिच्याशी त्याचं लग्न ठरलं. वडिलांनी बोल्दिनो गावाजवळच्या जमिनीचा वाटा त्याला दिला. त्याची कागदपत्रं करायची, लग्नासाठी पैसा उभा करायचा आणि लगेच परतायचं, अशा बेताने तो सप्टेंबरमध्ये तिथे पोहोचला. तेवढ्यात कॉलऱ्याची साथ पसरली. रस्त्यांवर चौक्या बसल्या. त्याने मॉस्कोला जायचा प्रयत्न केला, पण परत फिरावं लागलं. काही आठवड्यांचं काम तीन महिन्यांवर गेलं.

आता त्याच्या मनाची अवस्था बघा. निघण्याआधी होणाऱ्या सासूबाईंशी भांडण झालेलं. लग्न होईल की मोडेल, याची खात्री नाही. मॉस्कोतही साथ पोहोचलेली आणि नताल्या तिथेच. अशा काळजीत त्याने लिहिलं, आणि किती लिहिलं! सात वर्षं चाललेली ‘येवगेनी ओनेगिन’ ही काव्यकादंबरी शेवटाला नेली. चार छोटी नाटकं, पाच गद्य कथा आणि तीसेक कविता लिहिल्या. मुलांना आवडेल अशी, लोभी पाद्री आणि त्याचा हुशार गडी बाल्दा यांची पद्यकथाही तिथलीच.

हे कसं जमलं? नीट पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात. एक, अर्धवट राहिलेलं काम त्याने हाती घेतलं. दोन, जुनी टिपणं कामी आली. चारपैकी तीन नाटकांचे विषय त्याने काही वर्षं आधीच नोंदवून ठेवले होते. तीन, एका प्रकारात तो अडकून राहिला नाही. कवितेवरून कथेकडे गेला, कथेवरून नाटकाकडे. चौथ्या नाटकात तर त्याने साथीचीच गोष्ट घेतली. एका स्कॉटिश लेखकाच्या नाटकातला प्रसंग घेऊन, प्लेगमध्ये मेजवानी करणारी माणसं त्याने रंगवली. समोरच्या भीतीलाच विषय केलं.

पण एक गोष्ट विसरू नका. त्याचं घर चालवायला, शेत राबायला भूदास होते. म्हणून त्याला लिहायला मोकळीक होती. घरकाम, ऑनलाइन तास आणि आजारपण सांभाळणाऱ्या आईने काही लिहिलं नाही, तर तो तिचा आळस नव्हे. मुलांनाही पुश्किनचं उदाहरण देऊन टोमणे मारू नका.

डिसेंबरमध्ये तो मॉस्कोला परतला. १८३१ मध्ये लग्न झालं. १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धात जखमी होऊन तो अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. बोल्दिनोतल्या त्या तीन महिन्यांतलं लेखन मात्र रशियातली मुलं आजही शाळेत वाचतात.

मग उद्या वर्गात एवढंच करा. प्रत्येकाला एक छोटी वही ठेवायला सांगा. सुचलेला विषय, ऐकलेला शब्द, अर्धी गोष्ट, सगळं त्यात जाऊ द्या. तपासू नका, गुण देऊ नका. पुढे कधी अडकून पडायची वेळ आली, तर त्या वहीतलं एखादं पान नक्की उपयोगी पडेल.