सर अल्बर्ट ससून : मुंबईला ‘काळा घोडा’ देणारे दानशूर

मुंबई : दक्षिण मुंबईतील काळा घोडा हा परिसर ठाऊक नसलेला मुंबईकर विरळाच. मात्र ज्या पुतळ्यामुळे या चौकाला हे नाव मिळाले, तो शहराला भेट देणारे सर अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून आज फारसे कुणाच्या स्मरणात नाहीत.

अल्बर्ट ससून यांचा जन्म २५ जुलै १८१८ रोजी बगदादमधील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. तेथील सत्ताधीशांच्या जाचाला कंटाळून त्यांचे वडील डेव्हिड ससून यांनी बगदाद सोडले आणि १८३०च्या दशकात मुंबईत व्यापाराची पेढी थाटली. कापूस, सूत आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार यांतून या घराण्याने अफाट संपत्ती मिळवली. अफूच्या या व्यापाराची काळी बाजू त्यांच्या दातृत्वाचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही.

१८६४ मध्ये पुण्यात डेव्हिड ससून यांचे निधन झाले आणि ज्येष्ठ पुत्र या नात्याने अल्बर्ट यांनी पेढीची धुरा सांभाळली. कुलाब्याचा ससून डॉक ही त्यांच्या कर्तृत्वाची ठळक खूण. १८७५ मध्ये सुरू झालेली ही पश्चिम भारतातील पहिली बंदिस्त गोदी होय. आज तेथे भल्या पहाटे मासळीचा बाजार भरतो. शिक्षणासाठीही त्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. एल्फिन्स्टन हायस्कूलची इमारत त्यांच्याच साहाय्याने उभी राहिली. १८७२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

नोव्हेंबर १८७५ मध्ये ब्रिटनचे युवराज, म्हणजे पुढील काळातील राजे सातवे एडवर्ड, मुंबईत आले. या भेटीच्या स्मरणार्थ ससून यांनी त्यांचा अश्वारूढ पुतळा स्वखर्चाने शहराला देण्याचे ठरवले. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांनी तो ब्राँझमध्ये घडवला. त्यासाठी सुमारे सव्वा लाख रुपये खर्च आला. १८७९ मध्ये गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ससून यांच्या वडिलांच्या देणगीतून उभारलेले डेव्हिड ससून ग्रंथालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. लोकांनी मात्र युवराजांचे वा दात्याचे नाव न घेता धातूच्या काळपट रंगावरून या पुतळ्याला ‘काळा घोडा’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

स्वातंत्र्यानंतर परकीय राज्यकर्त्यांचे पुतळे भर चौकात असावेत का, हा प्रश्न उभा राहिला. १९६५ मध्ये हा पुतळा चौकातून हलवण्यात आला. तो वितळवला गेला नाही, की अडगळीतही टाकला गेला नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत महापालिकेच्या आवारात त्याला जागा मिळाली. याच संग्रहालयात युवराजांचे पिता प्रिन्स अल्बर्ट यांचा पुतळा आहे आणि तो डेव्हिड ससून यांनी दिलेला आहे. अशा रीतीने राजघराण्यातील पिता-पुत्रांचे पुतळे आणि ससून घराण्यातील पिता-पुत्रांची दाने एकाच ठिकाणी आली.

सर अल्बर्ट १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी लाभली. २४ ऑक्टोबर १८९६ रोजी ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःसाठी तेथे बांधलेली समाधीची वास्तू पुढे विकली गेली, तिच्यातील अवशेष लंडनला हलवण्यात आले आणि नंतरच्या काळात ती वास्तू मद्यालयाचा भाग बनली.

इकडे मुंबईत पुतळा गेल्यानंतरही चौकाचे नाव कायम राहिले. १९९९ पासून तेथे काळा घोडा कला महोत्सव भरू लागला. २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा काळा घोडा या परिसरात उभारला. या घोड्यावर स्वार नाही.

दान दिलेले शिल्प स्वीकारताना शहर त्याच्या जतनाची जबाबदारीही स्वीकारते. राज्य बदलले, तरी मुंबईने ही जबाबदारी टाळली नाही. जुना घोडा आजही भायखळ्यात स्वारासह उभा आहे.