दप्तरांच्या शोधात दारोदार फिरलेले राजवाडे

धुळे : इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. पुण्यात त्यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ तेव्हा सोळा वर्षांचे झाले होते आणि ते स्वतः त्यापासून दूर गेलेले होते. महाराष्ट्राबाहेर त्यांचे नाव त्यांच्या योग्यतेच्या मानाने कमी परिचित आहे. याचे एक कारण त्यांनीच निर्माण केलेले होते. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले संशोधन हट्टाने मराठीतच लिहिले.

राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. पित्याचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षण रखडत, पण स्वतःच्या मर्जीने झाले. पदवीनंतर काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. 'भाषांतर' नावाचे मासिकही त्यांनी काही वर्षे चालवले.

त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले ते जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर. पेशवाई संपून ऐंशी वर्षे होत आली होती. सरदार, कारकून, सावकार आणि देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरी मोडी कागदांचे रुमाल धूळ खात पडले होते. काही वाळवीने खाल्ले, काही रद्दीत गेले. जे उरले ते दाखवायला मालक तयार नसत. वतनाचा किंवा भाऊबंदकीचा एखादा जुना वाद त्यातून उकरला जाईल, ही भीती असे. राजवाडे अशा घरी जात, मनधरणी करीत, नकार मिळाला तर पुन्हा जात. भांडीकुंडी बरोबर असत, स्वयंपाक स्वतःच्या हाताने होई.

वाई येथे मिळालेल्या पत्रांतून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या घडामोडींची ही पत्रे होती. अशा पत्रांवर पुष्कळदा तिथी किंवा चंद्र असे, वर्ष नसे. मजकुरातील स्वाऱ्या, मुक्काम आणि माणसे ताडून वर्ष ठरवावे लागे. हे किचकट काम करता करता राजवाडे यांचा सिद्धांत पक्का झाला : घटनेच्या वेळी लिहिलेले साधे पत्र हे मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासावरील त्यांची टीकाही याच कसोटीवर उभी होती. मालेचे एकूण २२ खंड झाले.

एकट्याने किती दारे ठोठावणार? ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी पुण्यात मंडळाची स्थापना केली. कोणाला एखादे पत्र, ताम्रपट किंवा नाणे सापडले की ते सभेत वाचावे, दाखवावे, तपासून घ्यावे आणि इतिवृत्तात छापावे, अशी रीत पडली. घरातला कागद अशा प्रकारे सर्वांचा झाला. आज मंडळाच्या संग्रहात लाखो मोडी कागद आहेत.

मात्र हा सामाईक इतिहास कोणाच्या नजरेने लिहायचा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. मंडळाच्या इतिवृत्तात राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी केलेल्या लेखनाने तो समाज दुखावला. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्याला उत्तर दिले. साधनांच्या बाबतीत काटेकोर असणारा हा संशोधक जातींविषयी लिहिताना पूर्वग्रहापासून मुक्त नव्हता, हे मान्य करायला हवे. त्यांच्या अनेक व्युत्पत्तीही पुढे टिकल्या नाहीत; त्यांनी छापलेली पत्रे मात्र अभ्यासकांच्या हाताशी कायम राहिली.

स्वभाव तापट होता. सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि त्यांनी पुणे सोडले. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' यांच्या गाजलेल्या प्रस्तावना याच उत्तरकाळातील. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाच्या संशोधनाचे काम आधीच उभे केले होते. राजवाडे यांचे अखेरचे दिवस याच गावात गेले.

त्यांच्या निधनानंतर धुळेकरांनी त्यांच्या कागदपत्रांची वाताहत होऊ दिली नाही. १९२७ मध्येच तेथे राजवाडे संशोधन मंडळ सुरू झाले. 'संशोधक' हे त्याचे नियतकालिक. राजवाडे यांचे समग्र साहित्य याच मंडळाने पुढे तेरा खंडांत प्रसिद्ध केले.