जोशी मास्तरांचा मुलगा



कापसाचे चुकारे हाती येण्याचे दिवस आले की आमच्या मनात आनंदाबरोबर थोडी धास्तीही येते. वर्षभर राबून मिळालेला पैसा घरी पोहोचतो की वाटेतच संपतो, हा प्रश्न काही घरांत दरवर्षी नव्याने उभा राहतो. महात्मा गांधी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या वास्तव्यामुळे ओळखला जाणारा आपला वर्धा जिल्हा गेली पन्नासएक वर्षे दारूबंदीचा जिल्हा आहे. कागदावर बंदी आहे, पण नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि नदीच्या अलीकडेही मोहाची कुठे मिळते हे कुणाला विचारावे लागत नाही. घरभेटीला गेल्यावर चहाचा कप पुढे करणाऱ्या माउलीचा हात का थरथरतो, हे आम्हाला न सांगता कळते. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून एका माणसाचे आयुष्य सांगायचे आम्ही ठरवले आहे. तो माणूस आपल्या धर्माचा नव्हता. पण त्याचा आवाज आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांत आहे. ते म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

शर्टावर लिहिलेले नाव

भीमसेन यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1922 रोजी कर्नाटकातील गदग भागात झाला. वडील गुरुराज जोशी शाळामास्तर. मुलाला गाण्याचे वेड इतके की रस्त्याने भजनी मंडळ किंवा वाजंत्रीवाले निघाले की हा त्यांच्या मागे चालू लागायचा. चालता चालता थकून कुठेतरी झोपी जायचा आणि घरचे रात्री शोधत फिरायचे. शेवटी वडिलांनी त्याच्या शर्टावर, हा जोशी मास्तरांचा मुलगा आहे, असे लिहून ठेवले. त्यानंतर ज्याला तो झोपलेला सापडे, तो त्याला उचलून घरी आणून पोहोचवी.

वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

एकदा या मुलाच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका पडली. तसे गाता आले पाहिजे, एवढेच त्याच्या मनाने घेतले. 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्याने घर सोडले. खिशात पैसे नव्हते. आगगाडीतल्या प्रवाशांच्या मदतीने तो पुढे पुढे गेला. ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालयात काही काळ शिकला, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचे साहाय्य त्याला मिळाले. मग दिल्ली, कोलकाता, लखनौ, रामपूर अशी भटकंती झाली. जालंधरला असताना वडिलांनी शोध लावला आणि मुलाला घरी परत आणले.

या मास्तरांचे आम्हाला कौतुक वाटते. मुलगा पळून गेला म्हणून त्यांनी त्याच्या नावाने अंघोळ केली नाही. जालंधरला त्याला असा सल्ला मिळाला होता की तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे. धारवाडजवळच्या कुंदगोळ गावी रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, राहत होते. ज्यांच्या ध्वनिमुद्रिकेने मुलाला वेड लावले, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचेच ते शिष्य.

कुंदगोळचे पाणी

1936 च्या सुमारास भीमसेन सवाई गंधर्वांकडे राहू लागले. गुरुगृही आधी घरकाम आणि पाणी भरणे, मग गाणे. एकेका रागासाठी महिनोन् महिने तेच स्वर, तेच पलटे. गंगूबाई हनगल याही त्याच गुरूंकडे शिकत होत्या. चार-पाच वर्षे हे चालले. आपल्या मुलांना आज दहा मिनिटे एका जागी बसवणे कठीण झाले आहे. तेव्हा आवाज घडवायला किती सोसावे लागते, हे त्यांना एकदा सांगायला हवे.

1941 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भीमसेन प्रथम जाहीरपणे गायले. पुढच्याच वर्षी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1943 साली ते मुंबईला जाऊन रेडिओवर गाऊ लागले. 1946 साली पुण्यात गुरूंच्या साठीच्या समारंभात त्यांनी केलेले गायन गाजले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिले नाही. 1952 साली गुरू गेले. 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. तो वाढवण्यात, टिकवण्यात भीमसेन यांचा वाटा सर्वांत मोठा. त्याच 1953 साली पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. 1956 च्या 'बसंत बहार' या हिंदी चित्रपटात ते मन्ना डे यांच्याबरोबर गायले. पुढे त्यांनी गायलेल्या संतांच्या अभंगांनी तर खेडोपाडीच्या देवळांतले भोंगे व्यापून टाकले. शास्त्रीय संगीताचा गंध नसलेला शेतकरीही तो आवाज ओळखू लागला. 1972 साली पद्मश्री मिळाली.

पेल्यातला दुसरा रियाज

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे चढते वैभव दिसत होते. आत मात्र दुसरी एक गोष्ट वाढत होती. भीमसेन यांना दारूचे व्यसन लागले होते. हे त्यांच्या निंदकांनी उठवलेले किटाळ नाही, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. कार्यक्रमामागून कार्यक्रम आणि एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास असे त्यांचे आयुष्य होते. विमानाने इतके फिरत की लोक त्यांना कौतुकाने हवाई गंधर्व म्हणत. रात्री उशिरा संपणारी मैफल, मग जागरण, मग आग्रह करणारे चाहते. अशा जगण्यात पेला कधी हाती येतो आणि कधी तो हाताला धरून ठेवतो, हे कळत नाही.

सत्तरच्या दशकात या व्यसनाचा परिणाम कार्यक्रमांवर होऊ लागला. ख्याल गाणाऱ्याचे सगळे भांडवल म्हणजे दमसास आणि तालाचे भान. लांबलचक आवर्तन फिरून नेमके समेवर येणे ही शुद्धीवर असलेल्या माणसाची कला आहे. ज्या गळ्यासाठी एका मुलाने अकराव्या वर्षी घर सोडले, त्या गळ्यावरच टाच येऊ लागली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याचा एक विचार आम्हाला फार पटला होता. वाद्य वाजवून वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवून वाजवूनच वाईट वादकही होतो, असे तो सांगतो. सवयीची ताकद दोन्हीकडे सारखीच. भीमसेन यांच्या आयुष्यात हे आम्हाला स्पष्ट दिसते. कुंदगोळला रोज पहाटे केलेला रियाज त्यांच्या गळ्यात उतरला. पुढे रोज रात्री केलेला दुसरा रियाज त्यांच्या रक्तात उतरला. दोन्ही एकाच पद्धतीने शिकले गेले, रोज थोडे थोडे. म्हणून दारुड्या माणसाला मन नाही, जिद्द नाही असे जे आपण सहज बोलतो, ते खरे नसते. भीमसेन यांच्याइतकी जिद्द कुणाकडे होती? तरीही ते अडकले.

समेवर येणे

आणि ते सुटले. सत्तरचे दशक संपत असताना, पन्नाशी केव्हाच उलटून गेलेली असताना, भीमसेन यांनी दारू सोडली. हे वय महत्त्वाचे आहे. आता या वयात काय सुधारणार, असे आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्याच वयाचे ते होते.

त्यानंतर काय झाले ते पाहा. कलावंताला चार घोट लागतातच, त्याशिवाय रंग चढत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या वरातींतले वाजंत्रीवालेही हेच सांगतात. भीमसेन यांची पुढची तीन दशके त्याला उत्तर आहेत. 1985 साली पद्मभूषण. त्याच साली लता मंगेशकर यांच्यासह, श्रीनिवास खळे यांच्या संगीतात, रामश्यामाच्या भजनांचा संग्रह. 1988 च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर देशाच्या एकतेचे जे गीत सुरू झाले, त्याचा पहिला आवाज त्यांचाच. आज चाळिशीत असलेल्यांना तो धबधबा आणि तो चेहरा आठवत असेल. 1999 साली पद्मविभूषण. 2007 साली, पंच्याऐंशी वर्षांचे असताना, आजारपणातून उठून ते सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा गायले. 2008 साली भारतरत्न. 24 जानेवारी 2011 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दारू त्यांना जिंकून गेली असती, तर यातले बहुतेक आपल्याला मिळालेच नसते.

ते संत नव्हते. त्यांच्या घरसंसारात गुंतागुंत होती, रागलोभ होते. ते झाकून त्यांचा देव्हारा करणे आम्हाला योग्य वाटत नाही. दोष असलेला माणूसही परत येऊ शकतो, एवढेच त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या घरासाठी

आता आपल्याकडे वळू. भीमसेन यांनी सोडली म्हणून आमच्या ह्यांनीही उद्यापासून सोडावी, असा आग्रह घरी धरू नका. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापतात, झोप उडते, भास होतात, झटकेही येतात आणि कधी जिवावरही बेतते. त्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

एकट्याने लढण्याची गरजही नाही. 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन या शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे डॉक्टर, असे दोन दारुडे एकमेकांसमोर बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिथे फी नाही, कुणी नाव विचारत नाही, आणि आजचा एक दिवस न पिण्याचा निश्चय केला जातो. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही अल-अॅनॉनचे गट असतात. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ज्या पु. लं.च्या चित्रपटात भीमसेन गायले, त्याच पु. लं.च्या देणगीचा या कामाला आधार होता.

आपल्या मंडळींपैकी पाहायचे तर डब्लिनचा मॅट टालबोट आहे. हा गोदीतला हमाल पोरवयापासून पीत होता. 1884 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने फक्त तीन महिने न पिण्याची शपथ घेतली. मग सहा महिन्यांची घेतली. मग जन्मभराची. 1925 साली मिस्साला जाताना रस्त्यात त्याचा प्राण गेला, तोवर त्याने थेंबाला शिवले नव्हते. 1975 साली पवित्र ख्रिस्तसभेने त्याला आदरणीय ही पदवी दिली. तीन महिन्यांपासून सुरुवात केली तरी चालते, हे त्याच्याकडून शिकावे.

आणि शेवटी त्या शर्टाची गोष्ट. थकून रस्त्यात झोपलेल्या पोराला लोक घरी आणून सोडत, कारण तो कुणाचा आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेले होते. आपल्या फाट्यावर, बसस्थानकाच्या कट्ट्यावर रात्री पडलेला माणूस दिसला की आपण नाक मुरडून पुढे जातो. त्याच्या शर्टावर काही लिहिलेले नसते. पण तोही कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाचा तरी बाप असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्याही कपाळावर खूण केलेली असते आणि तसे नसले तरी देवाने त्याला आपला म्हटलेलेच असते. तो कुणाचा आहे हे आपण वाचायला शिकलो, तर त्याला उचलून घरी पोहोचवणे अवघड जाणार नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणे आहे, त्यांनी संकोच न करता आम्हाला भेटावे. मिस्सानंतर चारचौघांत बोलवत नसेल तर संध्याकाळी यावे. दार उघडे असेल, आणि ऐकलेले आमच्यापाशीच राहील.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या सर्वांच्या घरांवर राहो.

आपला धर्मगुरू