परक्या देशांत घर : फादर मात्तेओ रिची यांचें अल्पचरित्र

अन्न व वस्त्र यांच्या खालोखाल मनुष्यास निवाऱ्याची गरज असते. आणि ती गरज किती मोठी आहे हें, परमुलुखांत बिऱ्हाड शोधीत दारोदार हिंडण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्यासच खरें कळतें. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचीं मुलें आज आखाती देशांत, कॅनडांत व ऑस्ट्रेलियांत असा शोध करीत आहेत. उलट आपल्याहि आळींत परप्रांतीय माणसें भाड्याच्या खोलीची विचारपूस करीत येत आहेत. म्हणून या महोत्सवाच्या प्रसंगीं, ज्यांचें जवळजवळ निम्में आयुष्य परक्या देशांत आसरा मिळविण्यांत व टिकविण्यांत गेलें, त्या फादर मात्तेओ रिची यांची जीवनकथा वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

फादर रिची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं इटलींतील माचेराता या गांवीं झाला. मुलानें कायदेपंडित व्हावें अशी वडिलांची इच्छा होती, व त्यासाठीं त्यांस रोमला पाठविण्यांत आलें. परंतु १५७१ सालीं त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. मार्च १५७८ मध्यें लिस्बनहून गलबतानें निघून त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते गोव्यास उतरले. दुसऱ्या वर्षीं इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स हेहि गोव्यास आले. ते पुढें मराठींत क्रिस्तपुराण रचून आपलेच झाले; रिचींस मात्र आणखी पूर्वेकडे जावयाचें होतें. १५८० सालीं कोचीन येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. गोव्यांतील देशी विद्यार्थ्यांस तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचें उच्च शिक्षण देऊं नये, असें त्या सुमारास ठरलें होतें. १५८१ सालीं तरुण रिचींनीं रोमला वरिष्ठांस पत्र लिहून त्यास हरकत घेतली. ज्यांस पुढें जन्मभर परकें म्हणून राहावयाचें होतें, त्यांस आपल्या लोकांस स्वदेशांतच परकें केलें जात आहे याचें दुःख आधींच झालें होतें.

१५८२ सालीं ते पोर्तुगीजांच्या मकाव बंदरांत पोहोंचले व चिनी भाषेचा अभ्यास करूं लागले. चीनमध्यें त्या काळीं मिंग घराण्याचें राज्य होतें. परदेशी व्यापाऱ्यांस मोसमांत कँटनपर्यंत येऊं देत. सौदा आटोपला कीं परत जावें लागे. देशाच्या आंत कायम राहण्याची मोकळीक सहसा कोणास मिळत नसे. यांत निव्वळ दुष्टपणा नव्हता. किनाऱ्यावर चांचांचा उपद्रव फार होता, आणि १५११ सालीं पोर्तुगीजांनीं मलाक्का बंदर शस्त्रबळानें घेतलें होतें, हें चिनी दरबारास ठाऊक होतें.

सप्टेंबर १५८३ मध्यें फादर मिकेले रुज्जेरी यांच्यासह रिची चाओ-चिंग शहरीं आले. तेथील मुख्य अधिकारी वांग पान यांनीं त्यांस नदीकाठीं, बांधकाम चालू असलेल्या एका मनोऱ्याजवळ जागा दिली. देशाचे कायदे पाळावे व आणखी परदेशी माणसें आणूं नयेत, अशी अट होती. बौद्ध भिक्षूंसारखा वेष धारण करून ते दोघे तेथें राहूं लागले, व पुढें त्यांनीं विटांचें दुमजली घर बांधलें. घरांत टांगलेला जगाचा नकाशा पाहावयास विद्वान मंडळी येत. १५८४ सालीं रिचींनीं चिनी अक्षरांत तसा नकाशा तयार केला.

परंतु परदेशी धाटणीचें घर पाहून शेजाऱ्यांचा संशय बळावला. मनोराहि याच लोकांचा आहे अशी आवई उठली, व मनोऱ्यावरून मुलें त्या घरावर दगड फेकूं लागलीं. एके दिवशीं नोकरानें एका मुलास पकडून घरांत आणलें व थोड्या वेळानें सोडून दिलें. तेवढ्यावरून, परदेशी लोकांनीं मुलास औषध देऊन तीन दिवस कोंडून ठेविलें व मकावला विकण्याचा घाट घातला, अशी फिर्याद झाली. मनोऱ्याच्या कामावरील वृद्धांच्या साक्षीनें तिचा खोटेपणा उघड झाला व फिर्याद्यास फटक्यांची शिक्षा फर्मावण्यांत आली. तेव्हां रिचींनीं अधिकाऱ्यापुढें गुडघे टेकून त्याच्यासाठीं क्षमा मागितली. ती मिळाली नाहीं. पण ज्या शेजाऱ्यानें घालवून देण्याचा यत्न केला, त्याच्याचसाठीं परकीयानें रदबदली केली.

इतकें करूनहि तें घर टिकलें नाहीं. १५८९ सालीं प्रांताच्या नव्या सुभेदारांनीं त्यांस निघून जाण्याचा हुकूम दिला. घराबद्दल कांहीं रक्कम देऊं केली असतां रिचींनीं ती नाकारली. कारण पैसे घेतले असते तर घर राजीखुशीनें विकल्यासारखें झालें असतें. त्यांस कँटनला रवाना करण्यांत आलें, पण लौकरच परत बोलावून त्याच प्रांतांत शाओ-चौ येथें राहण्याची परवानगी मिळाली.

शाओ-चौ येथें त्यांस एका प्रसिद्ध बौद्ध मठांत राहण्यास सुचविण्यांत आलें. तें नम्रपणें नाकारून त्यांनीं शहराजवळ जागा मिळविली. १५९२ सालीं एका रात्रीं हल्लेखोर घरांत शिरले. खिडकींतून उडी मारतांना रिचींचा पाय दुखावला व तो पुन्हां पुरता बरा झाला नाहीं. मात्र येथेंच त्यांस छू ताइ-सू नांवाचे एका मोठ्या अधिकाऱ्याचे चिरंजीव भेटले. किमया शिकण्याच्या आशेनें ते आले, आणि गणित शिकून मित्र झाले. या देशांत भिक्षूंस फारसा मान नसून विद्वानांस आहे, हें त्यांनींच रिचींच्या ध्यानांत आणून दिलें. तेव्हां १५९५ च्या सुमारास रिचींनीं भिक्षूचा वेष टाकून चिनी पंडितांचा झगा घातला. वेषाबरोबर विद्येचाहि अभ्यास होता : कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील चार ग्रंथ त्यांनीं कसोशीनें शिकून घेतले होते.

त्याच वर्षीं ते उत्तरेकडे निघाले. वाटेंत नदींत नांव उलटून त्यांचा एक तरुण सोबती बुडाला. नानकिंगमध्यें कोणी ठेवून घेईना. कारण १५९२ पासून जपानचें कोरियावर आक्रमण चालू होतें व चिनी सैन्य त्या युद्धांत गुंतलें होतें. अशा वेळीं परकीयास घरांत घेणें धोक्याचें होतें. मागें फिरून ते नानचांगला आले. तेथें त्यांनीं मैत्रीविषयीं चिनी भाषेंत छोटेखानी ग्रंथ लिहिला व विद्वानांचा स्नेह संपादिला. १५९६ सालीं त्यांस तेथें घर विकत मिळालें.

१५९८ सालीं ते पेकिंगपर्यंत (आजचें बीजिंग) जाऊन हात हालवीत परतले. पुढच्या वर्षीं नानकिंगमध्यें एक मोठें सरकारी घर रिकामें पडलें होतें. तें पछाडलेलें आहे असा बोभाटा असल्यामुळें त्यांत कोणी राहत नसे. तें रिचींस अल्प किमतींत देऊं करण्यांत आलें. प्रार्थना करून व तीर्थ शिंपडून फादर मंडळी तेथें राहावयास गेली, आणि कोणास कांहीं अपाय झाला नाहीं. ज्या घरास सर्व भीत होते, तेंच परकीयाच्या वांट्यास आलें !

अखेर २४ जानेवारी १६०१ रोजीं ते पेकिंगला पोहोंचले. सम्राट वान-ली यांस नजर करण्यासाठीं आणलेल्या वस्तूंत आपोआप ठोके देणारीं घड्याळें होतीं. सम्राटांनीं रिचींस समक्ष भेट कधींच दिली नाहीं. परंतु घड्याळें बंद पडलीं तर काय, या चिंतेनें त्यांस जाऊंहि दिलें नाहीं. आरंभीं परदेशी वकिलांच्या सरकारी धर्मशाळेंत त्यांस ठेवण्यांत आलें, मग शहरांत भाड्यानें राहण्याची मुभा मिळाली. घड्याळांच्या देखभालीसाठीं वर्षांतून चार वेळां राजवाड्यांत जावें लागे. १६०५ सालीं त्यांनीं शहरांत कायमचें घर विकत घेतलें. चीनमध्यें पाऊल ठेवल्यास बावीस वर्षें झालीं होतीं. त्या घरीं पाहुण्यांची रीघ लागे. श्यू क्वांग-छी या विद्वान ख्रिस्ती मित्राबरोबर त्यांनीं युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेंत आणून १६०७ सालीं प्रसिद्ध केले.

११ मे १६१० रोजीं फादर रिची देवाघरीं गेले. त्यांचें वय ५७ होतें. चीनमध्यें मरण पावलेल्या मिशनऱ्यांचे देह तोंवर मकावला नेऊन पुरीत. फादर पांतोहा यांनीं सम्राटांकडे जागेसाठीं अर्ज केला, चिनी मित्रांनीं तो पुढें रेटला, आणि वेशीबाहेरील एक सरकारजमा झालेली जागा देण्यांत आली. १ नोव्हेंबर १६११ रोजीं, सकल संतांच्या सणाच्या दिवशीं, तेथें त्यांचा दफनविधि झाला. १९०० सालच्या बंडांत त्या स्मशानभूमीची नासधूस झाली, पुढेंहि तिच्यावर संकट आलें. तरी त्यांच्या कबरीचा शिलालेख आज पुन्हां उभा आहे, आणि त्यावर ली मा-तौ हें त्यांचें चिनी नांव आहे. २०२२ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस पूजनीय ही पदवी दिली.

धर्मबंधुभगिनींनो, या चरित्रांत दोन पक्ष आहेत. एक, येणाऱ्याचा : त्यानें भाषा शिकावी, रीत पाळावी, दगड मारणाऱ्याविषयींहि मनांत विष धरूं नये, आणि घर गेलें तरी धीर सोडूं नये. जे आपले मुलगे व मुली परदेशीं निघाल्या आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. परंतु दुसरा पक्ष दार उघडणाऱ्याचा आहे. वांग पान यांनीं जागा दिली नसती, छू ताइ-सू यांनीं स्नेह केला नसता, तर एकट्या रिचींची विद्या मकावच्या वेशींतच अडली असती. संशयास कारणें होतीं, तरीहि त्यांनीं दार उघडलें. आपल्या आळींत खोली मागावयास येणाऱ्यास त्याची जात, भाषा व मुलूख विचारून दार लावून घेण्यापूर्वीं, आपलेंहि लेंकरूं त्याच घटकेस कोठेंतरी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभें असेल, याची आठवण ठेवावी. बेथलेहेमांत ज्यास धर्मशाळेंत जागा मिळाली नाहीं, तो प्रभु आपणां सर्वांस ही सद्बुद्धि देवो.